बसमधून उतरताना डावीकडं बघा!

विचारा की : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो, की बेळगावसारख्या गावात सायकलला वेगळी जागा पाहिजेच पाहिजे. झालं, लोकांनी मला तिथंच धरलं. बाबा रे, ती जागा बस स्टॉपसमोरनं जाते तेव्हा उतरणाऱ्या माणसानं पाय ठेवायचा कुठं, असं एकानं नाही, चांगलं सहा जणांनी विचारलंय. बरोबर विचारलंय. म्हणून यावेळी भाडेकराराचे प्रश्न, दुधीची फुलं का गळतात, बाळाच्या आधारमधलं नाव कसं बदलायचं हे सगळं पुढच्या अंकावर ढकललंय आणि फक्त हा एकच विषय घेतलाय.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या. सिटी बसमधून उतरताना बस फूटपाथला लागली नव्हती, मधे चार-साडेचार फूट जागा होती. त्या फटीतनं एक पोरगा बॅटरीवाल्या स्कूटरवरनं आला, आवाज नाही काही नाही, आणि सासूबाईंना उडवलं. मनगट मोडलं, प्लास्टर आहे. जमलेले लोक म्हणाले की इथं सायकल ट्रॅक आहे, उतरणाऱ्यानं बघून उतरायला पाहिजे, पोराची काय चूक. चूक कुणाची आणि आता काय करता येईल? (वडगाव, बेळगाव)

ताई, चूक पोराची, यात माझ्या मनात काही शंका नाही. जमलेल्या लोकांचं मनावर घेऊ नका, आपल्याकडं जो पडलेला असतो त्यालाच आधी चार शब्द ऐकवायची पद्धत आहे. सायकल ट्रॅकवर किंवा फूटपाथवर मोटार गाडी चालवायची नाही हा नियम काही काल-परवाचा नाही, १९८९ च्या रस्ता नियमांत तो स्पष्ट लिहिलेला होता. म्हणजे "इथं ट्रॅक आहे" हे त्या पोराच्या बाजूचं नाही, उलट त्याच्या विरुद्धचंच बोलणं झालं.

आता बॅटरीवाल्या गाडीत एक गोम आहे ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. त्या गाडीला नंबर प्लेट होती का? हिरवी प्लेट असेल तर ती रजिस्टर झालेली गाडी, तिला लायसन लागतं, थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे आणि तुम्हाला मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. कायद्यात त्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातलेली आहे, तेव्हा प्लास्टर निघू दे मग बघू असं करू नका, आजच पोलिसात तक्रार द्या, डिस्चार्जचे आणि एक्सरेचे कागद एका पिशवीत ठेवा. पण प्लेटच नसेल तर बहुतेक ती २५० वॉटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी गाडी असणार. तिला कायद्यानं मोटार गाडी धरतच नाहीत, त्यामुळं नंबर नाही, लायसन नाही, इन्शुरन्स नाही. तसं असेल तरी पोरगा सुटला असं नाही हं. बेदरकारपणे वाहन चालवणं आणि दुसऱ्याला दुखापत करणं ही भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १२५ ही कलमं सायकलवाल्यालासुद्धा लागू पडतात. हाड मोडलं की ती कायद्याच्या भाषेत 'गंभीर दुखापत' होते, हे तक्रारीत लिहायला विसरू नका, नुसतं "हाताला लागलं" असं लिहून आलात तर सगळं हलकं होऊन बसतं.

पोरगा पळून गेला, सापडलाच नाही, आणि गाडी नंबरवाली होती असं असेल तर 'हिट अँड रन'ची सरकारी योजना आहे, गंभीर जखमीला ५० हजार मिळतात, अर्ज तहसीलदाराकडं किंवा प्रांत पातळीच्या अधिकाऱ्याकडं करायचा. २०२५ च्या मे महिन्यापासून अपघातातल्या जखमीला पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजनासुद्धा आलीय. तुमचे ते दिवस होऊन गेले, पण बाकीच्यांनी लक्षात ठेवा.

हे झालं कागदाचं. पण मला खरं बोलायचंय ते त्या चार फुटाच्या फटीबद्दल, कारण माझ्या मते सगळ्या रोगाचं मूळ तिथं आहे. बस कडेला का लागत नाही? ड्रायव्हरला काय हौस नाही मधे थांबवायची. स्टॉपच्या तोंडाशी दोन रिक्षा, एक केळीचा गाडा आणि कुणाची तरी "दोनच मिनिटं" म्हणून लावलेली कार असते. ड्रायव्हर आत घालू शकत नाही, आणि घातलीच तर परत बाहेर पडायला त्याला कोण जागा देतंय. म्हणून तो रस्त्यातच उभी करतो, कंडक्टर मागनं "लगू इळीरी, लगू इळीरी" (कन्नडात 'लवकर उतरा') करून घाई करत असतो, आणि मागच्या टू व्हीलरवाल्यांना बस थांबलेली दिसली की उजवीकडनं जायला गर्दी, मग डावीकडं चार फूट मोकळं दिसलं की मुंडी घातली आत. तिथं जमिनीवर सायकलचं चित्र रंगवलेलं असो नाहीतर नसो, ही फट बेळगावात प्रत्येक स्टॉपवर आहे, खानापुरात आहे, निपाणीत आहे.

आणि उतरणारी बाई बघते कुठं? पायाकडं. पायरी गुडघ्याएवढी उंच, हातात पिशवी, साडीचा काठ सावरायचा, ती खालीच बघणार. वर आपल्याला लहानपणापासून शिकवलंय काय, तर रस्ता ओलांडताना आधी उजवीकडं बघा. रस्ता ओलांडताना ते बरोबरच आहे, पण बसच्या डाव्या दारातनं बाहेर तोंड करून तुम्ही उभ्या राहिलात की मागनं येणारी गाडी तुमच्या डाव्या हातालाच येते, उजव्या हाताला तर बसचं तोंड असतं. म्हणून सासूबाईंना आणि घरातल्या सगळ्यांनाच सांगा, शेवटच्या पायरीवर दांडा धरून एक सेकंद थांबायचं, डावीकडं म्हणजे बसच्या शेपटाकडं बघायचं, मग पाय टाकायचा. कंडक्टरनं कितीही लगू लगू केलं तरी. ताशी २५ नं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सात मीटर येते, म्हणजे तो एक सेकंद काय किमतीचा आहे बघा.

पण सगळं म्हाताऱ्या माणसांच्या मानेवर टाकायचं हे मला पटत नाही. फट बुजवायची असेल तर एक जुना साधा उपाय आहे. बसला आत ओढून घेण्याऐवजी फूटपाथच स्टॉपपुरता पुढं काढायचा, बसच्या दारापर्यंत. मग बस आपल्या रांगेतच थांबते, तिला आत-बाहेर करायचं काम नाही, रिक्षा लावायला खाच उरत नाही, आणि दारातला पाय सरळ फूटपाथवर पडतो. आता त्या पुढं काढलेल्या फूटपाथला सायकलवाला कुठनं वळसा घालणार, हा पुढच्या पत्रातला प्रश्न.

प्रश्न : मुलगा लंडनला असतो. त्यानं फोटो पाठवला, तिथं सायकल ट्रॅक बस स्टॉपच्या मागनं फिरवून नेलाय, स्टॉप मधेच बेटासारखा. तो म्हणतो हे भारी आहे. पण त्याच्याच मोबाईलवर मी वाचलं की तिथले अंध लोक याच्या विरुद्ध भांडायलेत. मग आपल्याकडं काय करावं? (हिंदवाडी)

काका, दोघंही खरं सांगतायत, मुलगाही आणि अंध लोकही.

बेटाची कल्पना अशी, की बस आणि सायकल यांची गाठच पडू द्यायची नाही. नाहीतर होतं काय, बस कडेला येते आणि सायकलवाल्याच्या अंगावर येते, त्याला एकतर बसच्या मागं थांबावं लागतं नाहीतर भर ट्रॅफिकमधे उजवीकडं जावं लागतं. आपल्याकडं शाळेची पोरं असंच करतात आणि काळजाचा ठोका चुकतो. ट्रॅक स्टॉपच्या मागनं नेला की हा धोका संपला. नेदरलँड्समधे असं सर्रास आहे, कोपनहेगनमधे आहे. इंग्लंडच्या सरकारनं २०२० मधे सायकल रस्त्यांची जी मोठी नियमावली काढली तिच्यातही हे डिझाइन आहे. पण धोका संपत नाही, त्याची जागा बदलते. पहिल्यांदा भीती सायकलवाल्याला बसची होती, आता ती चालणाऱ्याला सायकलची होते, कारण फूटपाथवरनं बेटावर जायचं तर मधला ट्रॅक ओलांडावा लागतो. ज्याला दिसतं तो बघून जातो. ज्याला दिसत नाही त्याला बस ऐकू येते, सायकल ऐकू येत नाही.

त्यातही दोन प्रकार आहेत आणि भांडताना लोक ते एकत्र करतात. एकात खरंखुरं बेट असतं, उतरलेला माणूस बेटावर उभा राहून दम घेऊ शकतो. दुसऱ्यात बेटच नाही, सायकल ट्रॅक बसच्या दारासमोरनं फूटपाथवरनंच जातो आणि माणूस थेट ट्रॅकमधे उतरतो. या दुसऱ्या प्रकाराचे नवे स्टॉप बांधणं तूर्त थांबवा असं इंग्लंडच्या सरकारनं २०२५ मधे पालिकांना सांगितलं. माझं मत विचाराल तर तो दुसरा प्रकार आपल्याकडं आणूच नये, कुणी सल्लागार रंगीत चित्र घेऊन आला तरी. डेन्मार्कमधे त्यांनी नियमच करून टाकलाय, बेट असेल तर उतरणाऱ्यानं सायकलला जाऊ द्यायचं आणि बेट नसेल, माणूस सरळ ट्रॅकमधे उतरत असेल, तर सायकलवाल्यानं थांबायचं. ते लोक पाळतात म्हणून चालतं. आपल्याकडं लाल दिव्याला किती जण थांबतात ते चन्नम्मा सर्कलला पाच मिनिटं उभं राहून बघा.

बेट करायचंच तर काय काय पाहिजे, तर बेट रुंद पाहिजे. व्हीलचेअर जागच्या जागी वळायला दीड मीटर लागतं, वर निवाऱ्याचे खांब आणि बाकडं आहे, म्हणजे अडीच मीटरच्या खाली जाऊच नये असं मी म्हणेन. ओलांडायच्या जागी ट्रॅक उचलून फूटपाथच्या पातळीला आणायचा, म्हणजे चालणारा खाली उतरत नाही, सायकलवालाच वर चढतो आणि आपोआप हळू होतो. आपण हंप म्हणतो तसंच, फक्त माथा सपाट. तिथं झेब्रा पट्टे. आणि त्या तोंडाला टू व्हीलर शिरणार नाही असे खांब, हे लंडनच्या फोटोत दिसणार नाही पण बेळगावात पहिलं काम तेच. नाहीतर आपण इतका खर्च करून टू व्हीलरवाल्यांना बसच्या मागनं ओव्हरटेकची खास गल्ली बांधून दिली असं व्हायचं.

हे सगळं करायला रस्ता रुंद लागतो हेही खरं. खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत तुम्ही बेट बांधणार आहात? तिथं ट्रॅक-बिक काही नको, सगळ्यांनाच हळू चालवायला लावायचं, बस एवढंच.

प्रश्न : मी रोज टिळकवाडीत कॉलेजला सायकलनं येतो. स्टॉपवर लोक ट्रॅकमधेच उभे असतात, बेल वाजवली तर "आम्ही काय आभाळात उभं राहू" म्हणतात. हक्क माझा की त्यांचा? (कॉलेजचा विद्यार्थी)

मित्रा, हक्काचं भांडण काढलंस तर कागदावर ट्रॅक तुझा आहे. पण लोक तिथं का उभे आहेत ते बघ ना. स्टॉपचा निवारा तीन माणसांचा आणि उभे आहेत तीस. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, बसेसना गर्दी वाढली, ते चांगलंच झालं, माझ्या शेजारच्या बाई आता आठवड्याला माहेरी जाऊन येतात. पण स्टॉप तेवढेच राहिले. मग माणूस पुढं सरकतो, ट्रॅकमधे येतो, रस्त्यातसुद्धा येतो, कारण बस कुठं थांबेल याचा भरवसा नसतो आणि जो मागं राहिला त्याला सीट नाही.

तू एवढंच कर, स्टॉप दिसला की वीस पावलं आधी पेडल मारायचं थांबव, बेल एकदाच वाजव, ती "मी आलोय" म्हणून, "हटा" म्हणून नको. बस उभी असेल आणि लोक उतरत असतील तर तू थांब. हे कुठल्या कायद्यात लिहिलंय म्हणून सांगत नाही, तुझी आई त्या बसमधनं उतरत असेल म्हणून सांगतोय. पंधरा-वीस सेकंदांचा प्रश्न आहे, कॉलेजला उशीर झाला तर तो त्यामुळं झालेला नसतो हे तुलाही माहितीय.

हेडफोन लावून येत असशील तर तो काढ. हे तू विचारलं नव्हतंस, पण मी कॉलेजची पोरं रोज बघतो.

प्रश्न : मला दिसत नाही. शहापूरहून रोज एकटा बसनं जातो, पांढरी काठी असते. बस आली ते कळतं, कंडक्टर बहुतेक हात देतात. पण हल्ली फूटपाथ आणि ट्रॅक एकाच पातळीवर केलेत तिथं मी फूटपाथवर आहे का ट्रॅकवर तेच कळत नाही. ही तक्रार कुणाला समजत नाही. (फोनवर सांगून लिहून घेतलेलं पत्र)

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण वरच्या उत्तरात मीच लिहून बसलोय की ट्रॅक फूटपाथच्या पातळीला आणा. तुमच्यासाठी तोच सापळा आहे. डोळ्यानं बघणाऱ्याला रंग पुरतो, तुम्हाला कड लागते. काठीला लागेल अशी कड.

म्हणून माझं उत्तर मी सुधारून घेतो. ट्रॅक पातळीला आणायचा तो फक्त ओलांडायच्या तेवढ्या तुकड्यात, आणि तिथं दोन्ही बाजूंना ठिपक्यांच्या पिवळ्या फरश्या पाहिजेतच. बाकी सगळीकडं फूटपाथ आणि ट्रॅकमधे उंचीचा फरक पाहिजे, निदान काठीला अडेल इतका. या पिवळ्या फरश्या जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मधे काढल्या आणि १९६७ मधे ओकायामा शहरात पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या. लांब रेषा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढं काहीतरी आहे. आपल्याकडं काय झालंय, की फरश्या बसवतात पण त्या शोभेच्या टाइल्स असल्यासारख्या, डिझाइन म्हणून. मी एका ठिकाणी रेषांची पट्टी सरळ विजेच्या खांबात गेलेली बघितलीय. चालणाऱ्याला खांबापर्यंत व्यवस्थित नेऊन सोडलंय!

तुमच्या हातात जे आहे ते असं. तक्रार लिहिताना "गैरसोय होते" असं लिहू नका, त्याचं कुणाला काही वाटत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं नाव घालून लिहा, रस्ते आणि वाहतूक तुम्हाला वापरता येईल अशी करणं ही सरकारची जबाबदारी आहे हे त्यात आहे. आणि जमलं तर इंजिनियरला एकदा डोळ्याला रुमाल बांधून त्या स्टॉपपर्यंत चालायला सांगा. चेष्टा नाही करत, पन्नास पानांच्या अर्जानं होत नाही ते पन्नास पावलांत होतं.

प्रश्न : ते सायकल ट्रॅक काढूनच टाका ना. एक सायकल जात नाही त्यावरनं, सगळ्या गाड्या लावलेल्या असतात. फुकट रस्ता अरुंद झाला. (नाव छापू नका, दुकानदार)

नाव छापत नाही. पण मालक, गाड्या लावल्यात म्हणून सायकल जात नाही, का सायकल जात नाही म्हणून गाड्या लावल्यात? तुमच्या दुकानासमोरची एक गाडी तुमचीच असणार, माझी पैज.

बेळगावचं नाव २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आलं तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे, नाही, कुंदा वाटला. त्यानंतर रस्त्यांच्या कडेला सायकलची चित्रं रंगवलेल्या पट्ट्या आल्या. पुण्यात २००६ च्या शेवटी बीआरटी, म्हणजे बसला रस्त्यात वेगळी रांग, सुरू झाली तेव्हा तिथंही सायकल ट्रॅक केले होते आणि त्यांच्यावर पुढं काय काय उभं राहिलं ते पुण्याला जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांनी बघितलंय. म्हणजे हा काही बेळगावचाच अवगुण नाही. पट्टी रंगवली आणि अडवलं कुणाला नाही, की ती पार्किंगची होते, पाणी उताराला जातं तसं.

आणि सायकलवाले नाहीत असं म्हणू नका. सकाळी सहाला उठून बघा, दूधवाले, पेपरवाले, गवंडी कामाला येणारे, येळ्ळूर-कंग्राळीकडनं भाजी घेऊन येणारे. ते तुमचं दुकान उघडायच्या आधी येऊन जातात, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. कर्नाटकात २००६-०७ पासून आठवीच्या पोरांना सरकारनं सायकली वाटल्या, त्या पोरी गावाकडनं हायस्कूलला सायकलनं जायला लागल्या, तो बदल मी डोळ्यांनी बघितलाय. त्यांना जागा नको?

तरी तुमच्या म्हणण्यातला एक दाणा मी घेतो. जिथं ट्रॅक बस स्टॉपच्या तोंडावर येऊन अचानक संपतो आणि पलीकडं परत सुरू होतो, तसला ट्रॅक असून नसल्यासारखा. तो एकतर नीट पुढं न्या नाहीतर खरंच काढा.

प्रश्न : निपाणीजवळ हायवेला आमचं गाव. बस सर्व्हिस रोडला येत नाही, हायवेवरच थांबते, पोरं पळत जाऊन चढतात, सायकलवाली पोरं उलटी येतात, उसाच्या सीझनला डबल ट्रॉल्या. स्टॉप पाहिजे म्हणून अर्ज कुणाला करायचा? आणि कुठल्या भाषेत?

भाषेचं आधी सांगतो कारण मला माहितीय तुमचा खरा प्रश्न तोच आहे. मराठीत अर्ज द्यायचा आपला आग्रह मी समजतो, माझाही आहे. पण पोरांच्या जिवाचा अर्ज आहे, तो टेबलावर वाचला गेला पाहिजे. कन्नडात लिहून घ्या, शाळेचे कन्नडचे सर अर्ध्या तासात लिहून देतील, आणि खाली मराठी प्रत जोडा. सही मराठीत करा ना, सहीला कोण अडवतंय.

अर्ज तीन ठिकाणी, एकाच दिवशी. हायवेचं काम हायवे प्राधिकरणाकडं, त्यांचा फोन १०३३ आहे, तक्रार नोंदवून नंबर घ्या. बस कुठं थांबवायची हे परिवहनच्या डेपो मॅनेजरकडं, आणि तिसरी प्रत पोलिसांना. ग्रामपंचायतीचा ठराव सोबत असला तर वजन येतं. पण अर्जात "अनेक मुलांना धोका आहे" असं मोघम लिहू नका. दोन पोरं सकाळी आठ ते नऊ तिथं वही घेऊन बसवा, किती जण चढले, किती उतरले, किती सायकली उलट्या दिशेनं आल्या, किती ट्रॉल्या गेल्या, रेघा मारून मोजा. तीन दिवस. असा आकड्याचा कागद असला की साहेबाला "बघू" म्हणायला जड जातं. शिवाय २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सुरक्षित फूटपाथ हा पायी चालणाऱ्याचा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे, ते एक वाक्य अर्जात घाला.

मागणी काय करायची, तर बस सर्व्हिस रोडलाच आली पाहिजे आणि स्टॉप तिथंच. सर्व्हिस रोडला सायकलीसाठी कड सोडा, ती कड स्टॉपच्या मागनं न्या, शेताकडच्या बाजूला जागा आहे, शहरासारखी अडचण नाही तुम्हाला. उलट येणारी पोरं मुद्दाम उलटी येत नाहीत, पलीकडं जायचा भुयारी रस्ता लांब असणार म्हणून येतात, तेव्हा तो किती लांब आहे तेही मोजून लिहा. आणि सीझन सुरू व्हायच्या आधी करा, एकदा का ट्रॉल्या सुरू झाल्या की कारखान्यापासून पोलिसांपर्यंत सगळे त्यातच.

तोवर कंडक्टरशी बोलून ठेवा. पोरं पूर्ण चढेपर्यंत त्यानं "होल्डान" म्हणून बस धरायची, एवढं कुठलाही कंडक्टर ऐकतो, चहा पाजला तर नक्कीच.

प्रश्न : माझ्या सायकलला बेल नाही, मी तोंडानं "टिंग टिंग" करतो. चालतं का? (चौथीतला मुलगा, अनगोळ)

चालतं! पण बस स्टॉपजवळ आजी-आजोबा असले की "आजी, मी येतोय" असं म्हण, टिंग टिंगपेक्षा ते लवकर कळतं. आणि बाबांना बेल आणायला सांग, फार महाग नसते.

जाता जाता, पुढच्या वेळी स्टॉपचे फोटो पाठवणार असाल तर मोबाईल आडवा धरून काढा, बस, फट आणि फूटपाथ तिन्ही एकात आले पाहिजेत. यावेळी आलेल्या अकरा फोटोंपैकी चारांत नुसतं बसचं टायर आहे.